राहिला असेल त्याने हात वर करा!

एक गोष्ट छातीठोक सांगतो. एकच किस्सा दोनदा न सांगणारा म्हातारा अख्ख्या पुण्यात तुम्हाला माझ्याशिवाय दुसरा सापडायचा नाही! हे वाक्य लिहून मी आमच्या मंडळींना वाचून दाखवलं. त्या गवार मोडत म्हणाल्या, "छान आहे. काल वाचून दाखवलंत तेव्हाही छानच होतं."

आता हे 'मंडळी' प्रकरण आधी मिटवतो. बायकोला मंडळी अख्खा महाराष्ट्र म्हणतो. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चलाही मंडळीच म्हणतो. दोन्ही मंडळींत मला जास्त बोलायची परवानगी नाही, म्हणून लिहायला बसलो.

नाव याकोब. शिक्षण सातवी, तेही दोन झटक्यांत. तीस वर्षं शहरात बस चालवली, आणि रिटायर झाल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, मंडळीच्या तरुण संघाची सतरा सीटची गाडी चालवतो. पोरं काका म्हणतात. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणतात, "हा नावाला जागणारा माणूस आहे." बायबलातल्या याकोबाने बापाला आणि भावाला फसवलं होतं, तेव्हा ते कौतुक नाही.

तरुण संघात किस्से जमतात ते दानाच्या पिशवीत शर्टाची बटणं जमतात तसे. दर रविवारी पिशवी फिरते, उलटी केली की दोन-तीन बटणं पडतातच! टाकताना कोणी पाहिलेलं नसतं. ह्या वर्षी तर शिबिर, नाटक, रक्तदान, कॅरल, आजारी माणसांच्या भेटी, एक शनिवार रिकामा गेला नाही. पिशवी तोंडापर्यंत भरली.

पण ह्या वर्षीच्या किश्श्यांत एक भानगड आहे, ती आधीच सांगून टाकतो. जन्मभर मी लोकांची टर उडवत आलो. त्यामुळे ह्या वर्षी मी जे जे खरोखर विसरलो, तेही लोकांनी माझी गंमतच धरली आणि टाळ्या वाजवल्या. मीही वाकून नमस्कार केला. आणि माझ्या पाठीमागच्या सीटांवर दर शनिवारी लोकांची पोरं बसलेली असायची.

*

सुरुवात शुद्ध गमतीने झाली, हे नोंदवून ठेवतो.

एक जानेवारीच्या उपासनेनंतर आमच्याकडे बायबलातल्या वचनांची पेटी फिरते. डोळे मिटून एक कार्ड काढायचं, त्यावर असेल ते आपलं वर्षभराचं वचन. मी आदल्या दिवशी पेटीत माझ्या हातचं एक कार्ड सरकवलं होतं: 'ह्या वर्षी तुझं लग्न ठरेल.' नेम धरला होता रूथवर. रूथ आमच्या तरुण संघाची लीडर. वय सत्तावीस, पाच दिवस आयटीत नोकरी आणि दोन दिवस आमच्यात बिनपगारी. लग्नाचा विषय निघाला की ती लॅपटॉप उघडते.

कार्ड निघालं सोनूबाई आजींच्या हातात. वय ब्याऐंशी! आजींनी चष्मा पुसला, कार्ड दोनदा वाचलं, आणि भर मंडळीत म्हणाल्या, "पाळकसाहेब, मुलाकडच्यांना माझं वय आधी सांगून ठेवा."

माझ्या कार्डावर निघालं, 'भिऊ नकोस.' मी म्हटलं, कशाला भिऊ? कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं. मार्चपर्यंत ते तीन वेळा धुतलं गेलं.

*

ईस्टरची आमची उपासना सूर्य उगवायच्या आत असते. ग्रुपवर निरोप टाकायचं काम माझं, कारण गाडी माझी. मी आदल्या दिवशी टाकला: 'उद्या पहाटे साडेपाचला सर्वांनी पांढरे कपडे घालून मंडईत जमावे.'

मंडळीत लिहायचं होतं हो! एका अक्षराचा फरक. पण आमची पोरं आज्ञाधारक. साडेपाचला मंडईत, मेथीच्या ढिगासमोर, पंधरा-सोळा जण पांढऱ्या झब्ब्यांत हजर. दोन गिटार, एक डफ. हमाल ओरडतायत, "ओ देवदूत, बाजूला सरका, बटाटा येतोय!"

अल्ताफभाई बागवान आपल्या फळांच्या गाळ्यातून बाहेर आला. त्याचं घराणं तीन पिढ्या मंडईत आहे, आणि तो माझा शाळेतला दोस्त. म्हणजे सातवीपर्यंतचा. म्हणाला, "याकोब, वरात कुणाची? घोडा कुठाय?"

शेवटी पोरांनी तिथंच गायला सुरुवात केली. कोथिंबीरवाल्या मावशींनी दोन गाणी परत म्हणायला लावली. तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. "याकोब, येशूची रिकामी कबर आजवर नुसती ऐकून होतो. रिकामी मंडळी आज डोळ्यांनी बघतोय!"

पोरं जाम खूश. "काका, लेजंड! काय प्रँक टाकला!"

मी दोन्ही हात वर करून प्रेक्षकांचे आभार मानले. पण माझ्या एका हातात भाजीची पिशवी होती, ती कोणी पाहिली नाही. मी तिथं उपासनेला आलोच नव्हतो. ईस्टर आहे हेच डोक्यात नव्हतं. पोरांना बघून मला पहिल्यांदा वाटलं, ही एवढ्या पहाटे इथं काय करतायत? निरोप मीच टाकलाय हे अल्ताफभाईने माझा फोन मला वाचून दाखवला तेव्हा कळलं. हसता हसता मी पिशवीचा बंद असा पिळत होतो की तो तुटून हातात आला.

*

मे महिन्यात पाचगणीकडे शिबिर होतं.

आमच्या गाडीची एक रीत आहे. गाडी सोडताना मी हजेरी घेत नाही. आरशात बघून ओरडतो, "कोण राहिलं? राहिला असेल त्याने हात वर करा!" पोरं खिदळतात, हात कोणीच वर करत नाही, आणि आम्ही निघतो. बारा वर्षं हेच. रूथ मागं बसून गुपचूप पोरांची डोकी मोजते, हे मला माहीत आहे.

ह्या वेळी शिबिराला वक्ते मुंबईहून बोलावलेले. मोठा विद्वान माणूस! पुण्यापासून माझ्या शेजारच्या सीटवर बसून दीड तास मला मूळ भाषेतले शब्द समजावत होते. चहाला थांबलो. चहा झाला, पोरं चढली, "हात वर करा" झालं, निघालो. शेजारची सीट रिकामी बघून मला वाटलं, वा, आज पाय पसरायला जागा आहे!

दहाएक किलोमीटरवर रूथने पुढं डोकावून विचारलं, "काका, सर कुठायत?"

मी म्हटलं, "कोण सर?"

गाडी हसून हसून डुलायला लागली. वळवली, परत गेलो. सर टपरीच्या बाकावर, मांडीवर पुस्तकांची बॅग, हातात तिसरा चहा. संध्याकाळी त्यांचा विषय होता हरवलेलं मेंढरू. उभे राहिले आणि म्हणाले, "मेंढरं सगळी सुखरूप पोचली आहेत. मेंढपाळ टपरीवर राहिला होता."

सगळ्यात जोरात मी हसलो. पण 'कोण सर?' हे मी गमतीत विचारलं नव्हतं. दीड तास खांद्याला खांदा लावून बसलेला माणूस, आणि डोक्यात त्याची खूणसुद्धा नाही. उद्या त्या बाकावर सर नसतील, कुणाची तरी मुलगी असेल. हा विचार एकदा आत शिरला तो शिरलाच.

शिबिराची आठवण म्हणून सगळ्यांना लाकडी माशाचं एक-एक किचेन दिलं. मला आणि आमच्या मंडळींना मिळून दोन. एक मी गाडीच्या किल्लीला लावलं, एक त्यांनी घराच्या जादा किल्लीला. दोन्ही दारामागच्या खिळ्यावर.

*

जुलैतला शनिवार. नाटकाची तालीम संपवून पोरांना बिबवेवाडीला सोडायचं होतं. रूथ त्या दिवशी माझ्या शेजारी बसली होती. स्वारगेटच्या चौकात सिग्नलला थांबलो.

ह्या चौकातून मी तीस वर्षं बस काढली आहे. झोपेतसुद्धा काढली असेल, प्रवाशांची क्षमा मागून सांगतो. सिग्नल हिरवा झाला आणि मला बिबवेवाडी कुठल्या अंगाला आहे तेच कळेना! कोणीतरी चौक उचलून उलटा ठेवल्यासारखा. पाट्या दिसत होत्या, वाचता येत होत्या, पण त्यांचा माझ्याशी काही संबंध नव्हता. मागून हॉर्न सुरू झाले. पाठीवरून घाम ओघळलेला मला कळत होता.

मी ओरडलो, "पोरांनो, क्विझ! बिबवेवाडी कुठं आहे?"

पोरांनी चार दिशा दाखवल्या. एक कार्टी म्हणाली, "गूगलवर!"

रूथ हळूच म्हणाली, "काका, सातारा रस्ता धरा."

"क्विझमध्ये हिंट देत नसतात!" मी म्हटलं. मागं टाळ्या पडल्या. रूथ हसली नाही. ती स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडे बघत होती.

त्याच्या पुढच्या आठवड्याचं लिहिण्यासारखं काही नाही. मला त्यातलं काहीच आठवत नाही, म्हणजे काही घडलंच नसणार.

*

त्याच सुमारास मी सॅमसनला तयार करायचं ठरवलं. मीच ठरवलं असणार, दुसरं कोण ठरवणार? सॅमसन आमचा ढोलकीवाला. दिवसा कुरिअरची व्हॅन चालवतो. नाव बायबलातल्या पहिलवानाचं आणि वजन एकावन्न किलो! तेव्हापासून स्टिअरिंगवर तो आणि शेजारी उस्ताद म्हणून मी. त्याला रूथने डुप्लिकेट किल्ली करून दिली असावी, कारण माझी किल्ली माझ्याच खिशात. शनिवारी निघताना खिळ्यावरून उचलायची, लाकडी मासा मुठीत दाबायचा, की मी ड्रायव्हर! जानेवारीतल्या सहलीला घाटातून गाडी मीच नेणार, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सगळे "हो काका" म्हणाले होते.

पहिल्याच दिवशी बिबवेवाडीच्या चढावर सॅमसनची गाडी मागं सरकली ती एका रिक्षाच्या नाकाशी जाऊन थांबली. आमच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'ही गाडी प्रार्थनेवर चालते.' रिक्षावाला उतरला. शांतपणे खिडकीशी आला.

"मागची पाटी वाचली," तो म्हणाला. "ब्रेकपण प्रार्थनेवरच आहेत का?"

अस्सल पुणेकर! पोरं किंचाळायची थांबून हसायला लागली. मी सॅमसनच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "घाबरू नकोस." घाबरलो मात्र मी होतो. सॅमसनचा पाय ब्रेकवर पडला होता तरी. जानेवारीत घाटात माझा पाय कशावर पडेल?

*

दिवाळीच्या आधी आमच्या मंडळी मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. सर्दीचं निमित्त सांगून. सर्दी मला नव्हती, त्यांनाही नव्हती.

डॉक्टर पोरगेलासा. म्हणाला, "आजोबा, आज वार कोणता?"

"तुम्हाला माहीत नाही? मग दवाखाना कसा उघडलात?"

आमच्या मंडळींनी चिमटा काढला. मग तो म्हणाला, "मी तीन शब्द सांगतो. पाच मिनिटांनी परत विचारीन. आंबा, छत्री, खुर्ची." आणि ब्लडप्रेशरचं यंत्र आणायला वळला.

आता प्रँकस्टर कुणाला म्हणतात? तो वळला तेवढ्यात मी त्याच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि तिन्ही शब्द तळहातावर लिहून टाकले! मूठ बंद. चेहरा भोळा. मनात म्हटलं, बाळा, तुझ्यासारखे पन्नास चेकर मी पाहिलेत.

पाच मिनिटांनी त्याने विचारलं, "सांगा तीन शब्द."

"कोणते तीन शब्द?"

त्याने तपासण्या लिहून दिल्या, "गाडी चालवता का?" विचारलं. मी म्हटलं, "छे, मला सायकलसुद्धा येत नाही." घरी आलो, जेवायच्या आधी हात धुवायला गेलो, तर तळहातावर निळ्या शाईत: आंबा, छत्री, खुर्ची.

मी ओरडलो, "अहो, माझ्या हातावर हे कोणी लिहिलं?"

त्या मोरीच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुम्हीच." आणि साबण पुढं केला.

जेवताना मी त्यांना हात जोडले. म्हटलं, "मंडळीत कुणाला सांगू नका हो. गाडी काढून घेतील." त्यांनी भाताचं पातेलं पुढं ओढलं. मग म्हणाल्या, "नाही सांगत. भात घ्या."

*

डिसेंबरात कॅरल. संध्याकाळी पोरं घरोघरी जाऊन गातात आणि मी सांताक्लॉज. बिबवेवाडीच्या एका सोसायटीत गेलो. तीन विंग, तिन्ही हुबेहूब सारख्या. मी म्हटलं, पुढं जाऊन दार वाजवतो, तुम्ही मागून गात या.

एका दारावर घंटा मारली. पांढऱ्या मिशांचे आजोबा. मूळचे इथलेच, त्यांच्याच शेतावर ही सोसायटी उभी आहे. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "या की. कोन पाव्हनं?"

"सांताक्लॉज."

"गाव कुठलं?"

"उत्तर ध्रुव."

"लांबून आलाय. बसा, पानी घ्या."

बसलो. भिंतीवर देवांच्या तसबिरी, समोर समई. हे आमच्या मंडळीतलं घर नाही, एवढं कळलं. कुठल्या घरी जायचं होतं, ते कळेना. पोरांचं गाणं कुठूनतरी ऐकू येत होतं, पण कुठून? बाहेर पडलो तर तीन सारख्या इमारती उभ्या असणार. लाल डगल्यात मी घामाने भिजलो. एक मात्र बरं होतं. दाढीच्या आत माणूस घाबरलाय हे कुणाला दिसत नाही.

आजोबांनी लाडू आणवला. पाव्हन्याची दाढी उलटी बसली आहे, असंही सांगितलं. थोड्या वेळाने रूथ धापा टाकत दारात आली. "काका! आपल्याला सी विंगला जायचं होतं!" मागं पोरं पोट धरून हसत होती. "काका, सांताने पत्ता चुकवला!"

आजोबा तेवढे हसले नाहीत. रूथला म्हणाले, "न्या, पन जपून न्या पोरी. पाव्हना मघापास्नं माझा हात सोडंना झालाय."

*

वर्षाचा शेवटचा रविवार आमच्याकडे उपकारस्तुतीचा. ज्याला वाटेल त्याने उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे वर्षभरात देवाने आपल्याला कसं सांभाळलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. बारा वर्षांत मी कधी उठलो नव्हतो. पण पुढच्या शनिवारी सहल होती. घाट होता. कळलं तर किल्ली जाणार, आणि नाही कळलं तर काय जाणार, हा विचार चार रात्री उशाशी होता. उठलो. पुढचा बाक धरून उभा राहिलो.

म्हटलं, "मंडळी, माझ्या लक्षात राहत नाही."

पहिल्या ओळीपासून हशा.

"ईस्टरचा निरोप मी चुकून टाकला होता. गंमत नव्हती."

मोठा हशा.

"शिबिराला सर खरंच विसरलो. स्वारगेटला क्विझ नव्हती. मला रस्ता आठवत नव्हता."

सॅमसनने ढोलकीवर थाप मारली! सोनूबाई आजी पदराने डोळे पुसत होत्या, हसून हसून. पाळकसाहेब म्हणाले, "याकोब, पुरे, पोट दुखलं!" मी हात जोडले. म्हटलं, "हसू नका हो. उद्या मीच कुठं राहिलो तर हात वर करायलाही विसरेन." तर टाळ्या! जन्मभर लोकांना हसवायला धडपडलो, आणि हसू नका म्हणून विनवलं त्याच दिवशी सगळ्यात मोठा हशा मिळाला. आमच्या मंडळी तेवढ्या मान खाली घालून बसल्या होत्या.

दानाची पिशवी फिरत फिरत माझ्यापाशी आली. मी खिशातून लाकडी मासा काढला आणि किल्लीसकट आत सोडला, बटणांच्या सोबतीला. बसलो. भीती गेली नाही, पण बाकाखाली ठेवलेल्या पिशवीसारखी जरा बाजूला झाली.

उपासना सुटल्यावर पटांगणात रूथ माझ्याकडं आली. हातात तोच लाकडी मासा. डोळे लाल. तिनं माझा हात धरला, किल्ली तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

मी म्हटलं, "नको रूथ. गाडी आता तुम्ही सांभाळा. ही गंमत नाही, मनापासून दिलीय."

ती म्हणाली, "माहीत आहे, काका. गाडीची किल्ली तुम्ही मला जुलैतच दिली होती, हेच सगळं सांगून. ही तुमच्या घराची आहे."